मॅग्नेशियमची विरघळणारी तार स्टेनलेसच्या मशीनवर ओढता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत तुमचं तार ओढण्याचं युनिट आहे. 316एल स्टेनलेसची तार ओढून तुम्ही ती के-वायर (मोडलेलं हाड धरून ठेवणारी तार) बनवणाऱ्यांना देता. त्यातल्याच एका ग्राहकाने आता शरीरात विरघळणारी मॅग्नेशियमची तार मागितली आहे, व्यास 0.3 मिलिमीटर. तुम्ही 1.5 मिलिमीटरचा रॉड मागवला, नेहमीच्या साबणपेटीतून (कोरड्या साबणाच्या वंगणातून) नेऊन 25 टक्क्यांचा पास दिला (पास म्हणजे तार एका डायच्या भोकातून ओढून बारीक करणं), आणि दुसऱ्या डायमध्ये तार कडकन तुटली. तुम्हाला विचारायचं आहे की मशीन बदलावं लागेल का, तार का तुटली, आणि हे काम घ्यावं की सोडावं.

मशीन चालेल. पण डाय, वंगण, पुल्या, भट्टी, धुण्याची टाकी आणि पॅकिंग, यातलं जवळजवळ काहीच स्टेनलेसचं वापरता येणार नाही. मी एकवीस वर्षं तार ओढतोय; आधी स्टेनलेस, मग नायटिनॉल (निकेल-टायटॅनियम) आणि गेली नऊ वर्षं मॅग्नेशियम. हे उत्तर त्या नऊ वर्षांतल्या चुकांवर उभं आहे.

आधी तार का तुटली ते बघू. स्टेनलेसच्या स्फटिकात अणूंचे थर एकमेकांवरून घसरायला बारा वाटा असतात, म्हणून त्याला जरा जोरात ओढलं तरी ते निमूट लांबतं. मॅग्नेशियमचा स्फटिक षटकोनी. खोलीच्या तापमानाला सहज घसरणारी पातळी त्यात एकच, आणि तिच्यातल्या वाटा तीन. साधारण सव्वादोनशे अंश सेल्सियसच्या पुढे बाकीच्या वाटा उघडतात. म्हणूनच बिलेटपासून (ओतीव ठोकळ्यापासून) दाबून रॉड काढायचं एक्स्ट्रूजन तीनशे ते चारशे अंशांवर बिनबोभाट होतं, आणि तुमच्या थंड डायमध्ये तोच रॉड हट्ट करतो. 25 टक्के त्याला एका घासात झेपत नाहीत.

पासमागे क्षेत्रफळाची घट 15 टक्के धरा. 1.5 मिलिमीटरवरून 1.38, मग 1.28, मग 1.18. इथे थांबायचं आणि अ‍ॅनीलिंग करायचं, म्हणजे तापवून तार पुन्हा मऊ करायची. तीन पासांत एकूण 38 ते 39 टक्के घट झालेली असते. चौथा पास कधी कधी निघतो, पण तो निघाला म्हणून हुरळून जाऊ नका, आत चिरा पडायला सुरुवात झालेली असू शकते आणि त्या तुम्हाला पुढे 0.5 मिलिमीटरवर भेटतात. 1.5 ते 0.3 म्हणजे क्षेत्रफळ पंचविसाव्या हिश्शावर येणार. 15 टक्क्यांच्या हिशोबाने वीस पास, आणि मध्ये सहा वेळा अ‍ॅनीलिंग. एक मीटर रॉडची पंचवीस मीटर तार. स्टेनलेसच्या मानाने हे फार संथ काम आहे. कोटेशन देताना वेळेचा हिशोब इथूनच धरा.

अ‍ॅनीलिंग साधारण 300 ते 350 अंशांवर, आर्गॉनमध्ये, आणि वेळ मिनिटांत मोजायची. तार बारीक आहे, ती लगेच तापते. तासभर ठेवलीत तर आतले कण सुजून मोठे होतात. 0.3 मिलिमीटरच्या तारेत 30 मायक्रॉनचे कण झाले तर व्यासाच्या रेषेवर जेमतेम दहाच कण उरतात, आणि गाठ मारताना अशी तार काडीसारखी मोडते. कण दहा मायक्रॉनच्या खाली ठेवायचे, पाचच्या आसपास आले तर उत्तम. एक इशारा इथेच देऊन ठेवतो: तुमच्याकडे नायट्रेटची सॉल्ट बाथ (वितळलेल्या क्षारात माल तापवायची टाकी) असेल तर मॅग्नेशियम तिच्या जवळपासही आणू नका. स्फोट होतो. हे मी सवयीने देतात तसल्या धोक्याच्या सूचनेसारखं लिहीत नाहीये.

मॅग्नेशियमच्या तारेची आणखी एक खोड आहे. एक्स्ट्रूजन आणि ड्रॉइंगमध्ये तिचे स्फटिक एका दिशेला झोपतात. ओढाल तर ती भक्कम, पण लांबीच्या दिशेने दाबलीत तर बऱ्याच कमी ताणाला नमते. तार वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते, म्हणजे अर्धी तार तिच्या कमजोर बाजूने वागते. ग्राहक टेन्साइलचा (ओढून तोडायला लागणाऱ्या ताणाचा) आकडा मागेल, तो तुम्ही द्याल, 280 किंवा 300 मेगापास्कल, आणि तो खूश होईल. मग सर्जन ती तार हाडाभोवती पिळेल आणि ती पिळ्यातच तुटेल. म्हणून गाठीची आणि पिळ्याची चाचणी पहिल्या दिवसापासून करा, ग्राहकाने मागितली नसली तरी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तुमच्या पत्रात सगळे प्रश्न ताकदीचे आणि मापाचे आहेत. या तारेत ग्राहक जे विकत घेणार आहे ते वेगळं आहे: ताकद किती दिवस टिकते, आणि तार सगळीकडून सारखी झिजते की एकाच जागी खड्डा पाडून तुटते. हे ठरतं ते तारेत आणि तारेवर लोखंड किती आहे यावर.

पाण्याशी मॅग्नेशियमची क्रिया होऊन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन वायू तयार होतो. तारेत लोखंडाचा बारीकसा कण अडकला असेल तर त्या कणाभोवती छोटी बॅटरीच तयार होते आणि शेजारचं मॅग्नेशियम भराभर खाल्लं जातं. निकेल आणि तांबंही तसंच वागतं. निकेल तर लोखंडापेक्षाही वाईट. शुद्ध मॅग्नेशियमसाठी लोखंडाची मर्यादा 170 पीपीएम (दहा लाख भागांत 170 भाग) असा आकडा पुस्तकात सापडतो, आणि सप्लायर तोच दाखवून सर्टिफिकेट पुढे करतो. तो आकडा ओतीव मालाचा आहे. माल पुन्हा तापवला की विरघळलेलं लोखंड कणांच्या रूपात वेगळं होतं आणि तीच मर्यादा पाच-दहा पीपीएमवर येते. तुम्ही सहा वेळा अ‍ॅनीलिंग करणार आहात, हे लक्षात घ्या. व्यापारी दर्जाचं 99.95 टक्के मॅग्नेशियम कागदावर शुद्ध असतं, पण त्याची बारीक तार केली की ती अगदी लहरी निघू शकते. झ्यूरिकच्या ईटीएच विद्यापीठात निर्वात ऊर्ध्वपातनाने अतिशुद्ध मॅग्नेशियम काढण्यावर इतकी मेहनत झाली ती याच कारणाने.

लोखंड कारखान्यातूनही तारेत शिरतं, आणि याचा मला जन्माचा धडा मिळाला. तेव्हा मी ज्या कंपनीत होतो तिथे आमच्या तारेचा एक लॉट चाचणीला लावला होता. एक मीटर तार प्लास्टिकच्या दांडीवर सैल गुंडाळून 37 अंशांच्या द्रावणात सोडली. चांगल्या तारेवर फुगे दवासारखे सगळीकडे बारीक बसतात. या तारेवर एका जागी फुग्यांचा झुपका, मग बरंच अंतर स्वच्छ, मग पुन्हा झुपका. दोन दिवसांत झुपक्यांच्या जागी काळे खड्डे पडले आणि चौथ्या दिवशी तार तिथेच तुटली. मोजलं तर दोन खड्ड्यांमधलं अंतर दर वेळी 31 सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे कुठली तरी फिरणारी वस्तू डाग देत होती. पण 31 सेंटिमीटर परीघ असलेली एकही पुली आमच्या लाइनवर नव्हती. आठवडाभर आम्ही धातूला दोष देत बसलो. मग आमच्यातल्या एका जुन्या ऑपरेटरने साधी गोष्ट विचारली, "साहेब, डाग पडल्यावर तार लांबली नसेल का?" 15 टक्क्यांच्या एका पासात तार 1.18 पट लांब होते, तीन पासांत 1.63 पट. 31 ला 1.63 ने भागलं की 19 येतात. 60 मिलिमीटर व्यासाची एक गाइड पुली, परीघ 18.8 सेंटिमीटर, शेवटच्या तीन पासांच्या आधी बसवलेली होती. तिच्या खाचेत नखाला जेमतेम लागेल एवढा पोलादाचा एक कंगोरा उठला होता. प्रत्येक फेऱ्यात तो तारेला एकदा टोचत होता आणि पोलादाचा कण मागे ठेवत होता.

त्यानंतर आम्ही लाइनवरच्या पोलादी पुल्या काढून सिरॅमिक आणि पॉलिमरच्या बसवल्या. डाय जाड मापांना टंगस्टन कार्बाइडची, बारीक मापांना हिऱ्याची, आणि जी डाय एकदा स्टेनलेसला लागली ती मॅग्नेशियमला कधीच नाही. पक्कड, कात्री, स्पूल, पुसायचं फडकंही वेगळं. शेवटच्या पासानंतर सौम्य आम्लात काही मायक्रॉन पृष्ठभाग उतरवायचा, कारण चिकटलेलं लोखंड तिथेच असतं. ही पायरी बरेच जण वेळ वाचवायला गाळतात आणि मग कोटिंगवर पैसे घालवतात.

वंगणाचं तसंच. स्टेनलेस ओढायला वापरतात त्या तेलांत क्लोरिनेटेड पॅराफिन असणं नेहमीचं आहे. क्लोराइडचा अंश मॅग्नेशियमवर राहिला तर तार स्पूलवरच, गोदामातच, गंजायला लागते. पाण्यात कालवलेलं इमल्शन तर विषयातच नको. आम्ही क्लोरीन नसलेलं साधं खनिज तेल वापरतो आणि नंतर अ‍ॅसिटोन व आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिक धुलाई करतो. सुरुवातीला मिनिटाला काही मीटर एवढ्याच वेगाने तार ओढा. मॉलिब्डेनम डायसल्फाइडने डाय छान चालते हे खरं, पण ते पूर्ण निघालं हे सिद्ध करत बसणं मला परवडत नाही.

मिश्रधातू कुठला, याबद्दल माझं मत ठाम आहे. एझेड31 सहज मिळतो म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यात 3 टक्के अ‍ॅल्युमिनियम आहे, आणि कायमचं शरीरात मुरणाऱ्या वस्तूत अ‍ॅल्युमिनियम का घातलं याचं उत्तर तुम्हाला देता येणार नाही. यिट्रियम आणि दुर्मीळ मृदाधातू असलेल्या डब्ल्यूई43 च्या घराण्याचा अनुभव सर्वांत दांडगा आहे. हानोव्हरच्या सिंटेलिक्सचा मॅग्नेझिक्स स्क्रू त्याच घराण्यातला, 2013 मध्ये त्याला युरोपचं सीई चिन्ह (विक्रीची मान्यता) मिळालं. दुसरा रस्ता जस्त आणि कॅल्शियम एक टक्क्याच्या आत-बाहेर घातलेल्या मिश्रधातूंचा. फिनलंडच्या बायोरेटेक कंपनीच्या स्क्रूला 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने परवानगी दिली तो याच जातीचा. मी तुमच्या जागी असतो तर हाच घेतला असता. दोन्ही मूलद्रव्यं शरीराच्या ओळखीची आहेत, तार बऱ्यापैकी ओढली जाते, आणि मिश्रण जितकं कमी तितके आत वेगळे पडणारे कण कमी. मात्र रॉड नामांकित उत्पादकाकडून हीट नंबर (वितळणीच्या लॉटचा क्रमांक) आणि लोखंड-निकेल-तांब्याच्या आकड्यांसह घ्या. वितळवण्याच्या भानगडीत स्वतः पडू नका. तो वेगळा धंदा आहे आणि आगीचा आहे.

तार किती दिवस टिकेल? साधा हिशोब करा. 0.3 मिलिमीटरच्या तारेची त्रिज्या 0.15. झीज सगळीकडून सारखी आणि वर्षाला 0.3 मिलिमीटर असेल तर सहा महिन्यांत तार संपली. पण त्रिज्या 0.15 ची 0.10 झाली, म्हणजे तिसरा हिस्सा गेला, तेव्हाच ताकद 44 टक्क्यांवर आलेली असते. त्या वेगाने हे दोन महिन्यांत घडतं. आणि ही झाली आदर्श गोष्ट. खड्डे पडत असतील तर वजन जेमतेम दहा टक्के घटलेलं असताना ताकद निम्मी झालेली मी पाहिली आहे. म्हणून नुसतं वजन मोजून समाधान मानू नका. तारेचे तुकडे 1, 3, 7, 14, 28 दिवसांनी द्रावणातून काढा आणि प्रत्येक वेळी ओढून तोडा. तो आलेख म्हणजेच तुमचा माल.

हायड्रोजनची भीती अनेकांना वाटते, तिचाही आकडा बघा. 10 सेंटिमीटर तारेचं वजन सुमारे 12 मिलिग्रॅम. प्रौढ माणसाला रोजच्या जेवणातून 300 ते 400 मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागतं, तेव्हा धातू म्हणून ही तार नगण्य. पण तिच्यातून साधारण 13 मिलिलीटर वायू सुटतो. तो सहा महिन्यांत सुटला तर रोज 0.07 मिलिलीटर, ऊती सहज वाहून नेतात. आठवड्यात सुटला तर रोज जवळजवळ 2 मिलिलीटर, आणि जखमेत फुगा धरतो. शेवटी गोष्ट पुन्हा वेगावरच येते.

द्रावण कुठलं घेता यावर चाचणीचा निकाल पार उलटू शकतो. नुसतं मिठाचं पाणी थोडं असेल तर तार विरघळता विरघळता ते इतकं अल्कधर्मी होतं की क्रिया आपोआप मंदावते आणि तार खोटी चांगली दिसते. ट्रिस बफर (अल्कता वाढू न देणारं रसायन) घातलात तर उलट, झीज अवास्तव वाढते. पेशी वाढवायचं माध्यम, 37 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि तारेच्या मानाने भरपूर द्रावण, ही मांडणी शरीराच्या त्यातल्या त्यात जवळची. एएसटीएम एफ3268 हे मानक विरघळणाऱ्या धातूंच्या अशा चाचण्यांसाठीच आहे, ते विकत घ्या. प्राण्यांच्या शरीरात झीज बहुधा बीकरपेक्षा हळू होते, पण त्या भरवशावर लॉट पास करू नका.

कोटिंगबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ग्राहक विचारेल. प्लाझ्मा इलेक्ट्रोलिटिक ऑक्सिडेशनचा थर स्क्रूवर सुरेख बसतो. तारेवर तो सिरॅमिकसारखा ठिसूळ, गाठ मारली की तडकतो, आणि तडकलेल्या फटीतून हल्ला सुरू होतो. तार वाकणारच नसेल, सरळ पिन म्हणून जाणार असेल, तर विचार करा.

सर्जनला मात्र एक गोष्ट लेखी द्या: ही तार पोलादी के-वायर, प्लेट किंवा स्क्रूला टेकवायची नाही. बेल्जियमचे अल्बिन लाम्बोत यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या पायाला मॅग्नेशियमची प्लेट पोलादी खिळ्यांनी बसवली. आठ दिवसांत प्लेटचा चुरा झाला आणि कातडीखाली वायू साठला. खरं तर रक्तवाहिनी बांधायला मॅग्नेशियमची तार एडवर्ड ह्यूस या डॉक्टरने 1878 मध्येच वापरली होती, म्हणजे तुमचा ग्राहक मागतोय ती कल्पना जवळजवळ दीडशे वर्षांची आहे. एवढा वेळ लागला तो बहुतांशी शुद्धतेमुळे.

पॅकिंगमध्ये आपल्याकडची एक सवय आडवी येईल. पोलादी के-वायर आपण बहुधा निर्जंतुक न करताच विकतो, हॉस्पिटलवाले ऑटोक्लेव्हमध्ये टाकतात. 121 अंशांची वाफ म्हणजे मॅग्नेशियमच्या तारेला मरणच. तार तुम्हालाच निर्जंतुक करून द्यावी लागेल. गॅमा किरणं सोयीची, साधारण 25 किलोग्रे, कारण इथिलीन ऑक्साइडच्या चक्रात ओलावा असतो. अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पिशवी, आत नायट्रोजन किंवा आर्गॉन, आणि वर ठळक अक्षरांत "पुन्हा निर्जंतुक करू नये". उघडलेलं पाकीट परत घ्यायचं नाही. याचा खर्च तार ओढण्याच्या खर्चापेक्षा जास्त निघाला तर दचकू नका.

परवान्याचं थोडक्यात: भारतात 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत शरीरात विरघळून जाणारं इम्प्लांट सर्वांत वरच्या, ड वर्गात येतं, आणि त्याचा परवाना राज्याकडून नाही तर दिल्लीहून, सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडून येतो. चाचण्यांपुरता थोडा माल करायला एमडी-13 हा वेगळा परवाना असतो. तुम्ही नुसती तार कच्चा माल म्हणून देणार की तयार इम्प्लांट म्हणून, हे ग्राहकाशी आजच लेखी ठरवा. माझा सल्ला, कच्चा माल म्हणूनच द्या.

आगीबद्दल. डायपाशी साचणारा कीस आणि बारीक तारेचे तुकडे रोज संध्याकाळी गोळा करून झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा, स्टेनलेसच्या भंगारात मिसळू नका. पेटलं तर पाणी नको, आणि नेहमीचं कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडरही नको. मॅग्नेशियम त्या वायूतही जळत राहतं. कोरडी वाळू किंवा ड वर्गाची पावडर मशीनशेजारी हवी, आणि ती कुठे आहे हे रात्रपाळीच्या पोऱ्यालाही माहीत हवं.

काम घ्या, पण पहिल्या ऑर्डरला पन्नास मीटरच्या वर शब्द देऊ नका. आणि तुटलेला तो तुकडा टाकून दिला नसेल तर आज एवढं करा: त्याचा मीटरभर भाग प्लास्टिकच्या नळीवर सैल गुंडाळा, कोमट मिठाच्या पाण्यात सोडा आणि भिंग घेऊन अर्धा तास बघा. टिकाऊपणा यातून कळणार नाही, पण फुगे कुठे जमतात ते दिसेल. झुपके सारख्या अंतरावर दिसले तर पट्टी लावा, अंतर मोजा, मध्ये झालेल्या पासांच्या लांबीने भागा, आणि मग मशीनवरच्या पुल्या एकेक करून तपासा.